जुन्या अमेरिकन मसल कारमध्ये एवढे काय आहे?

वुडवर्डवाला:
नमस्कार मंडळी. मी डेट्रॉइटजवळ ब्रेकच्या नियंत्रण प्रणालींवर काम करतो. अलीकडे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांची 1966 ची पाँटियॅक जीटीओ ही मसल कार, म्हणजे मध्यम आकाराची पण मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी, मला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर चालवायला दिली. स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी किंचित इकडेतिकडे सरकत होती, सिग्नल दिसताच बराच आधी ब्रेकवर पाय ठेवावा लागत होता आणि आत पेट्रोलचा वास भरून राहिला होता. तरीही किल्ली परत करताना मन नाखूश होते. याला स्मरणरंजन म्हणावे, तर माझे लहानपण सांगलीत लूनावर गेले; या गाडीशी माझी कोणतीही आठवण जोडलेली नाही. मग ही ओढ कशाची?

कार्बोरेटर:
ओढ अश्वशक्तीची नव्हे, टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची आहे. त्या गाडीत 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे व्ही-8 इंजिन (चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा व्ही आकारात) असते आणि त्याचा कमाल टॉर्क मिनिटाला अवघ्या 3200 फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास मिळतो. त्यामुळे गिअर न बदलता, इंजिन न ओरडता, नुसता पाय दाबला की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि पाठ सीटला टेकते. (कागदावरचे 335 अश्वशक्तीचे आकडे जरा जपूनच वाचावेत, 1972 पूर्वी ते सायलेन्सर व इतर जोडण्यांविना, मोकळ्या इंजिनावर मोजलेले असत.) आजच्या गाड्या अधिक वेगवान आहेत हे खरेच, पण त्यांची मजा यायला लागते तोवर दंडाची पावती हातात पडते. जीटीओ ताशी साठ किलोमीटरलाच सगळे सांगून टाकते.

आवाजाचेही कारण यांत्रिक आहे. या व्ही-8 च्या क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, पिस्टन जोडलेले चार क्रँकपिन एकमेकांशी काटकोनात असतात. इंजिन एकूण दर 90 अंशांनी समान ठोके देते, मात्र एकाच बाजूच्या चार सिलिंडरांचा धूर 90, 180, 270, 180 अशा असमान अंतराने बाहेर पडतो. दोन्ही बाजूंचे पाइप वेगळे असले, की तुम्ही ऐकलेली ती अडखळती गुरगुर तयार होते. हल्ली काही गाड्यांत असा आवाज स्पीकरमधून ऐकवतात, त्याबद्दल न बोललेलेच बरे.

आणि ही गाडी जन्मली तीच नियमाला बगल देऊन. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन नको, असे पाँटियॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सचे धोरण होते. पाँटियॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली जीटीओ स्वतंत्र मॉडेल म्हणून न आणता टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीवरचा एक पर्याय म्हणून विकायला काढली आणि धोरण कागदावर शाबूत राहिले.

ड्रमब्रेक_पीडित:
वरील प्रतिसाद सुंदर आहे, पण ब्रेकचे अभियंते असलेल्या गृहस्थांना भुरळ घालण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी होती. 1966 च्या जीटीओला चारही चाकांवर साडेनऊ इंची ड्रम ब्रेक होते. डिस्क ब्रेकचा पर्याय 1967 मध्ये आला. शिवाय मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारा भाग) एकाच सर्किटचा, म्हणजे कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. उतारावर दोन-तीनदा जोरात ब्रेक मारून पाहा, ड्रम तापल्यावर पेडल तेवढेच घट्ट लागेल पण गाडी थांबायची घाई करणार नाही. या गाडीचे आकर्षण मलाही आहे; मात्र त्यातला काही भाग निव्वळ भीतीचा आहे, हे कबूल करावे.

कार्बोरेटर:
भीतीचा भाग मान्य. तरी माझ्या मते तिला ‘लक्ष’ म्हणणे अधिक योग्य. ज्या गाडीत चूक सावरणारे कोणी नाही, तिथे माणूस फोनकडे पाहत नाही.

लान्सिंगकर:
विकत घेण्याचा विचार असेल, तर दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क हे दोन बदल आधी करावेत. मूळपणाचा आग्रह धरणारे नाक मुरडतील, मुरडू द्यावे. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात, कारण इथल्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने त्या झिजतात. तुम्हाला आलेला वास बहुधा तिथलाच असावा. मिशिगनमध्ये 26 वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. तिच्यावर एरवी मेळावे, मिरवणुका अशा कारणांसाठीच गाडी बाहेर काढता येते, पण ऑगस्ट महिन्यात रोजच्या कामालाही नेता येते. वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळावाही ऑगस्टमध्येच असतो, तेव्हा दुरुस्ती जुलैअखेर उरकावी.