'ऑपरँडो'ला मराठीत काय म्हणायचं?

दांडिया बाजार: २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला आपल्या बडोद्याच्या मंडळात मराठी पोस्टर लावायचंय. विषय माझ्या भाचीच्या पीएचडीचा, व्हॅनेडियम फॉस्फेटचा उत्प्रेरक, आणि तो काम करत असतानाच त्याची रामन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे लेझरचा उजेड टाकून विखुरलेल्या उजेडावरून पदार्थ ओळखणं. मी लिहिलं 'चालू उत्प्रेरकाचा अभ्यास', तर भाची म्हणे मावशी, चालू म्हणजे लबाड. अगं पण बडोद्यात पंखा चालू, दुकान चालू, मी ४० वर्षं असंच बोलतेय! मग 'जागच्या जागी' केलं तर म्हणाली तो इन सिटू झाला, ऑपरँडो वेगळं. आता काय लिहू?

मांजलपूर: सरळ 'ऑपरँडो'च लिहा. रामन, लेझर चालतं ना?

निवृत्त केमिस्ट: भाची बरोबर बोलतेय ताई. पाकाची तार बघताना आपण थेंब बाहेर काढतो, बोटांत धरतो, तेवढ्यात तो गार होतो, म्हणजे आपण बघतो तो पातेल्यात उकळणारा पाक नव्हेच. या उत्प्रेरकाचं तसंच आहे. ४०० अंशांच्या आसपास ब्यूटेन आणि हवा त्याच्यावरून जाते आणि मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड मिळतं, ज्याचं पुढे पॉलिएस्टर रेझिन होतं. ब्यूटेनच्या एका रेणूतून ८ हायड्रोजन काढायचे आणि ३ ऑक्सिजन घालायचे, हे सगळं पृष्ठभागावर. ऑक्सिजन उत्प्रेरक स्वतःच्या स्फटिकाच्या जाळीतला देतो आणि हवेतून परत भरून घेतो, त्यात व्हॅनेडियमची संयुजा चार आणि पाचच्या मध्ये हेलकावे खाते. बाहेर काढून गार केलात की पृष्ठभाग बदलला, पाचवाले फॉस्फेट तर हवेतली ओलसुद्धा ओढतात. इन सिटूमध्ये भट्टीत, वायूत ठेवून बघतात. ऑपरँडोमध्ये त्याच क्षणी बाहेर किती माल पडतोय तेही मोजतात. ही दुसरी अट शब्दात आली पाहिजे, नुसतं 'जागच्या जागी'त ती येत नाही.

मांजलपूर: काका, पाकाचं उदाहरण पोस्टरवर घ्याच!

संस्कृतप्रेमी: शब्द लॅटिन आहे, 'काम करताना' असा अर्थ. त्यातला 'ओपुस' आणि आपलं वैदिक 'अपस्' एकाच मुळातले, दोन्हींचा अर्थ काम. मग परका कसा? 'सक्रियावस्थ वर्णपटमिती' म्हणा. याच बडोद्यातून १९३१ साली सयाजी शासन शब्दकल्पतरू निघाला, राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना इतक्या भाषांतले पर्याय देणारा, आणि आपण ऑपरँडो ऑपरँडो करत बसायचं?

निवृत्त केमिस्ट: कल्पतरूचा मलाही अभिमान आहे. पण तो कचेरीतल्या माणसांनी रोज वापरायचा होता, सक्रियावस्थ कोण वापरणार? आमच्या प्लांटमधे फिटर म्हणायचे 'पंप रनिंगमधे बघ', म्हणजे बंद न करता, प्रेशर बघत बघत. ऑपरँडो अगदी तेच आहे.

संस्कृतप्रेमी: रनिंग मराठी झालं का?

निवृत्त केमिस्ट: ज्या फिटरच्या तोंडात आहे त्याचं झालं.

वारसिया रोड: 'कामावर असताना' कसं वाटतं? बाबा कामावर आहेत म्हणतो ना आपण, त्यात काम चालू आहे हेही येतं. 'उत्प्रेरक कामावर असताना'. आणि उत्प्रेरक तरी कशाला, विरजण म्हणा की, चमचाभर घातलं की पातेलंभर दूध बदलतं.

दांडिया बाजार: 'कामावर असताना' आवडलं! भाचीला विचारते.

निवृत्त केमिस्ट: विरजण नको, कळकळीने सांगतो. विरजणातले जंतू वाढतात आणि दह्यातच राहतात. उत्प्रेरक वाढत नाही, मालात मिसळत नाही, वर्षानुवर्षं तीच गोळी नळीत बसून काम करते. मुलांच्या डोक्यात एकदा विरजण बसलं की निघत नाही.

वारसिया रोड: मान्य. पण आमच्या घरात विरजण म्हणतच नाहीत, 'मेळवण' म्हणतात. पुण्याची वहिनी म्हणते हे गुजराती. आजी बडोद्याबाहेर कधी राहिली नाही, मराठीच बोलायची, मग तिचा शब्द मराठी कसा नाही?

संस्कृतप्रेमी: 'मिळवणे' मराठीच आहे, मूळ संस्कृत मिल्. मेळवण आपलंच.

मांजलपूर: गुजरातीत मेळववुं म्हणतात, तिथूनच आलंय. आमच्याकडे दोन्ही, आई विरजण, शेजारच्या काकू मेळवण.

रावपुरा: आमच्याकडे आखरण.

दांडिया बाजार: अहो, पोस्टर उद्या छपाईला जातंय! भाची म्हणते 'कामावर असताना' चालेल, पण बाहेर पडणारा माल मोजणं त्यात येत नाही.

वारसिया रोड: आखरण?? हे पहिल्यांदाच ऐकलं, तुमचे मूळचे कुठले?