मदत हवी आहे: इंग्रजी वाक्प्रचार प्राचीन ग्रीकमध्ये कसे न्यावेत?

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी कथेचा अ‍ॅटिक ग्रीक गद्यात, म्हणजे प्राचीन अथेन्सच्या बोलीत, अनुवाद करतो आहे. सुट्या शब्दांसाठी वुडहाउसचा १९१० सालचा इंग्रजी-ग्रीक कोश फार उपयोगी पडतो, कारण शब्द गद्यातला की पद्यातला हेही तो सांगतो. अडचण वाक्प्रचारांची आहे.

काहींना तयार जोड सापडते. न्यूकॅसलला कोळसा नेणे (जे जिथे मुबलक आहे तिथेच ते नेणे) म्हणजे ग्रीकांचे अथेन्सला घुबडे नेणे, अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘पक्षी’ नाटकात (इ.स.पू. ४१४) ते आहे. ‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’ (कोणताही प्रयत्न बाकी न ठेवणे) तर युरिपिडीसमध्येच मिळते: प्रत्येक दगड हलवणे.

पण ‘लेट ऑफ स्टीम’चे, म्हणजे कोंडलेला राग बाहेर काढून मोकळे होण्याचे, काय करू? ते वाफेच्या इंजिनाच्या काळातले. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये रागासाठी ‘झेइन’, म्हणजे उकळणे, हे क्रियापद येते. मला ते मनापासून आवडले, पण त्यात राग चढतो. मला तो बाहेर पडून माणूस मोकळा झालेला दाखवायचा आहे. नुसता अर्थ सांगितला तर पात्राची बोली सपाट होते.

अशा अर्थाची अ‍ॅटिक गद्यातली एखादी रचना कोणाला माहीत आहे का? उताऱ्याचा संदर्भ दिलात तर फार बरे होईल. होमरच्या महाकाव्यांतले, म्हणजे पद्यातले, शब्द शक्यतो नकोत.