स्थानकाच्या नावाआधी कंपनीचं नाव नको

गेज१६७६
मुंबई मेट्रो ३ वर 'कोटक बीकेसी', 'आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक', 'निप्पॉन इंडिया एमएफ आचार्य अत्रे चौक' अशी स्थानकांची नावं झाली आहेत. मूळ नाव तसंच ठेवायचं आणि पैसे भरणाऱ्या कंपनीचं नाव त्याला जोडायचं, असा हा 'सेमी नेमिंग'चा करार. माझा त्याला विरोध आहे. माझं मुख्य कारण कामाचं आहे, अस्मितेचं नंतर येतं.

स्थानकाचं नाव म्हणजे पत्ता. तो प्रवासी वाचतो, ऐकतो, फोनवर दुसऱ्याला सांगतो, आणि अडचणीत अग्निशमन दलालाही तोच सांगतो. 'सिद्धिविनायक' शोधणारा माणूस यादीत 'स' खाली बघणार, पण नाव असतं 'आ' खाली. छोट्या पडद्यावर लांब नाव कापलं गेलं तर शेवटचं टोक जातं, म्हणजे नेमकं ठिकाणाचं नावच जातं.

दुसरी गोष्ट मुदतीची. करार संपला की नाव बदलणार. मेट्रो ३ च्या 31 गाड्या, प्रत्येकी 8 डबे, म्हणजे 248 डबे. त्यांतले नकाशे, 27 स्थानकांवरचे मार्गनकाशे, प्रवेशद्वाराच्या पाट्या, रस्त्यावरचे दिशाफलक, ध्वनिमुद्रित घोषणा, तिकीट यंत्रं आणि ॲप, सगळीकडे हात घालावा लागतो. एक जरी जागा राहिली तरी एकाच स्थानकाची दोन नावं फिरत राहतात. गुडगावच्या रॅपिड मेट्रोत हे होऊन गेलंय. 2013 साली ती सुरू झाली तेव्हा 'मायक्रोमॅक्स मौलसरी ॲव्हेन्यू' आणि 'व्होडाफोन बेलव्हेडिअर टॉवर्स' अशी स्थानकं होती. पुढे दोन्ही कंपन्यांची नावं पाट्यांवरून गेली.

नफातोटा
विरोध करताना पैशाची बाजू सोडून चालणार नाही. मेट्रो चालवणारी संस्था भाडं मनाला येईल तेव्हा वाढवू शकत नाही. 2002 च्या मेट्रो कायद्यात त्यासाठी भाडेनिश्चिती समितीची तरतूद आहे. मेट्रो ३ चं भाडं 10 ते 70 रुपये. भुयारी मार्गात मात्र वीज, वायुवीजन, पाणी उपसणारे पंप, सरकते जिने, फलाटावरचे सरकते दरवाजे यांचा खर्च गर्दी असो वा नसो चालूच असतो. संस्थेच्या हातात उरतं ते तिकिटाबाहेरचं उत्पन्न: दुकानांचे गाळे, जाहिराती, दूरसंचाराची केबल आणि नावाचे हक्क. गाळा भाड्याने द्यायला जागा अडवावी लागते, नावाला ती लागत नाही.

हे फक्त जाहिरातीपुरतंही राहत नाही. बंगळुरूच्या कोनप्पना अग्रहार स्थानकासाठी इन्फोसिस फाउंडेशनने 100 कोटी रुपये द्यायचं कबूल केलं आणि हेब्बगोडीसाठी बायोकॉन फाउंडेशनने 65 कोटी. स्थानक उभं राहायला पैसे देणाऱ्याचं नाव पाटीवर आलं तर प्रवाशाचं काय बिघडतं?

आणि कंपनीचं नाव स्थानकाला देणं आपल्याला नवं कुठे आहे? किर्लोस्करवाडीला कोणाची हरकत आहे? टाटानगरला?

कुंडलरोड
@नफातोटा, किर्लोस्करवाडी तुमच्या बाजूने उभी राहत नाही. स्थानक आधी होतं, त्याचं नाव कुंडल रोड. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी या स्थानकाजवळ माळरान दिलं, तिथे कारखाना उभा राहिला आणि भोवती वसाहत वाढली. माणसं कुंडलला जायला नव्हे, वाडीला जायला उतरू लागली. ठिकाण बदललं म्हणून पाटी बदलली. तिथे नावाला मुदत नव्हती, भाडं नव्हतं, आणि आधी कंपनी मग गाव अशी जोडणीही नव्हती. 'किर्लोस्करवाडी' हेच गावाचं नाव झालं.

हावडा-बर्धमान मार्गावरचं 'हिंद मोटर' बघा. अँबॅसिडर बनवणारा तिथला कारखाना मे 2014 मध्ये बंद पडला. स्थानकाचं नाव तेच आहे, लोकल तिथे थांबते, लोक त्याच नावाने तिकीट काढतात. कंपनीचं उत्पादन थांबल्यावरही जे टिकतं ते ठिकाणाचं नाव. हप्ता थांबल्यावर जे उतरतं ती जाहिरात. माझ्या दृष्टीने कसोटी एवढीच.

हार्बरवाला
कसोटी चांगली आहे, पण टाटानगरचं तुम्ही सोडून दिलंत. त्या स्थानकाचं नाव काळीमाटी होतं. 1919 च्या जानेवारीत व्हाइसरॉय चेम्सफर्ड आले, साकचीचं जमशेदपूर झालं आणि काळीमाटीचं टाटानगर. तिथे लोकांच्या तोंडून नाव बदललं नाही, वरून हुकूम आला आणि जुनं नाव पुसलं गेलं. आजच्या करारात निदान 'आचार्य अत्रे चौक' शिल्लक राहतो. मूळ नाव राखायचं असेल तर जोडनाव हे नामांतरापेक्षा कमी नुकसानीचं आहे.

दुसरं म्हणजे, खुणांवरून ठेवलेली नावं आपोआप खरी ठरतात हे मला पटत नाही. चर्चगेट हा किल्ल्याचा सेंट थॉमस चर्चकडे उघडणारा दरवाजा, तटबंदीबरोबर 1860 च्या दशकातच पाडला गेला. मस्जिद स्थानकाचं नाव मांडवीतल्या बेने इस्रायलींच्या 1796 सालच्या सिनेगॉगवरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, आल्याचं सांगतात. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि आज उतरणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. कॉटन ग्रीनला कापसाचा बाजार उरलेला नाही. ही नावं चालतात ती सवयीने.

नव्या मार्गांवर सवय नसते, तिथे चुकीची खूण थेट पाय दमवते. मेट्रो २अ चं 'अंधेरी पश्चिम' हे अंधेरी रेल्वे स्थानकाला लागून नाही. ते पुलाने जोडलंय मेट्रो १ च्या 'डी. एन. नगर'ला. मेट्रो ७ चं 'गुंदवली' जोडलंय मेट्रो १ च्या 'वेस्टर्न एक्सप्रेस हायवे'ला. मार्ग बदलायचं ठिकाण एक, नावं दोन. पुण्यात नाशिक फाट्यावरच्या मेट्रो स्थानकाला 'भोसरी' नाव दिलं गेलं, खरी भोसरी तिथून काही किलोमीटरवर. कंपनीच्या दोन शब्दांपेक्षा ही गफलत प्रवाशाला जास्त महाग पडते, आणि तिच्याबद्दल इतक्या तावातावाने कोणी लिहीत नाही.

पाटीरंग
फलकांच्या बाजूने लिहितो. ढोबळ हिशोब असा: 10 मीटरवरून वाचायचं तर अक्षराची उंची किमान 25 मिलिमीटर हवी. देवनागरीला थोडी जास्तच, कारण वेलांटी-मात्रा शिरोरेखेच्या वर आणि उकार खाली जातो, त्यामुळे तेवढ्याच पट्टीत मधल्या अक्षराला जागा कमी उरते.

आता अक्षरं मोजा. 'सिद्धिविनायक' म्हणजे 6. 'आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक' म्हणजे 17, वर दोन मोकळ्या जागा. पाटीची रुंदी तीच ठेवून सगळं एका ओळीत बसवलं तर अक्षर सुमारे एक तृतीयांश होतं, आणि जे 30 मीटरवरून वाचता यायचं ते 10 मीटरवर येतं. दोन ओळी केल्या तर अक्षराचा आकार टिकतो, पण मग वरची ओळ कोणाला मिळणार यावर भांडण. पैसे देणाऱ्याला वरची हवी असते, प्रवाशाचा डोळाही आधी तिथेच जातो.

अक्षर दाबून अरुंद करणं हा सगळ्यांत वाईट उपाय. त्यात 'द्धि' आणि 'म्बा'सारखी जोडाक्षरं गाडीतून बघताना काळा ठिपका होतात.

घोषणेचंही बघा. जोडनावाला साधारण 2 सेकंद धरा. तीन भाषांत आणि स्थानकाआधी दोनदा म्हणजे 12 सेकंद. 33.5 किलोमीटरमध्ये 27 स्थानकं, दोन स्थानकांत सरासरी 1.3 किलोमीटर. दोनेक मिनिटांच्या धावेत दरवाजा कोणत्या बाजूला उघडणार, मार्ग कुठे बदलायचा हेही सांगायचं असतं. कात्री लागते ती याच माहितीला.

दुसरावर्ग
या सगळ्यावर तोडगा भारतीय रेल्वेच्याच को-ब्रँडिंग धोरणात आहे. रेल्वे बोर्डाने स्थानकाच्या नावाआधी किंवा नंतर ब्रँडचं नाव लावायला परवानगी दिली, पण ते दोन शब्दांपेक्षा मोठं नको. ते तिकिटावर, आरक्षण प्रणालीत, संकेतस्थळावर, मार्गनकाशात आणि घोषणेत येणार नाही. थोर व्यक्तींच्या, हुतात्म्यांच्या नावाची स्थानकं आणि वारसा इमारती वगळलेल्या आहेत. म्हणजे पाटीवर जाहिरात, कागदावर पत्ता तोच.

हा फरक महत्त्वाचा आहे. रेल्वे स्थानकाचं अधिकृत नाव बदलायचं तर राज्य सरकारचा प्रस्ताव, केंद्रीय गृह मंत्रालयाची ना-हरकत, मग अधिसूचना, असा रस्ता आहे. त्यानंतर पिवळ्या पाटीपासून तिकिटापर्यंत बदल होतात. सीएसटीएमचं सीएसएमटी झालं तेव्हा संगणकातला कोडही बदलला. व्यापारी करार या रस्त्याला बगल देऊन नकाशात शिरू नये, यासाठीच त्या अटी आहेत.

त्या लावल्या तर 'आचार्य अत्रे चौक' पहिल्याच चाळणीत बाहेर पडतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी रान उठवलेल्या माणसाच्या नावाआधी म्युच्युअल फंड लिहावा, हे मला मनापासून लागतं. इथे अस्मितेचा मुद्दा मी लपवत नाही.

नफातोटा
@दुसरावर्ग, घोषणा आणि नकाशा काढून घेतलात तर विकायला फक्त पाटी उरते, आणि तिचा दर साध्या होर्डिंगशी तोलला जातो. कंपनी जादा पैसे देते ते नाव लोकांच्या तोंडी बसावं म्हणून. रेल्वेच्या अटी प्रवाशासाठी उत्तम आहेत, तिजोरीसाठी दुबळ्या.

शिवाय तुम्ही तिन्ही नावं एका मापाने मोजताय. कोटक महिंद्रा बँकेचं मुख्यालय बीकेसीतच आहे. आयसीआयसीआय लोम्बार्डची इमारत प्रभादेवीत, सिद्धिविनायक मंदिराजवळ. म्हणजे कुंडलरोड म्हणतात तसा जागेशी संबंध इथे आहे. इन्फोसिस आणि बायोकॉनचंही तेच. अत्रे चौकाबाबत तसं नातं मला दिसत नाही, ते मान्य.

कुंडलरोड
शेजारी कार्यालय असणं वेगळं आणि लोकांनी त्या कार्यालयासाठी उतरणं वेगळं. सिद्धिविनायकला उतरणारे बहुतेक गणपतीला जातात. न्यूयॉर्कमध्ये 'अटलांटिक ॲव्हेन्यू–बार्कलेज सेंटर' असं स्थानक आहे. वर्षाला 2 लाख डॉलर, 20 वर्षांसाठी. रस्त्याचं नाव आधी, नाट्यगृह-क्रीडागृहाचं नंतर, आणि ते क्रीडागृह जिना चढताच समोर. त्या नावाने प्रवाशाला वाट कळते. उलट माद्रिदचं 'सोल' 2013 ते 2016 'व्होडाफोन सोल' होतं, मुदत संपली आणि पुन्हा 'सोल' झालं. तीन वर्षांसाठी सगळे नकाशे दोनदा छापायचे.

हार्बरवाला
मग निविदेतच लिहा: नाव मागे, दुसऱ्या ओळीत, मूळ नावाच्या निम्म्या उंचीचं. मुदत किमान 10 वर्षं. नाव उतरवायचा पूर्ण खर्च अनामत म्हणून आधीच भरायचा. मधेच कंपनी विलीन झाली किंवा तिचं नाव बदललं तरी पाटी मुदतीआधी बदलायची नाही. घोषणेत हवं असेल तर गाडी थांबल्यावर एकदा, आणि फक्त त्या स्थानकावर.

गेज१६७६
मागे, लहान अक्षरात आणि अनामतीसह, एवढं असेल तर बीकेसीपुरता माझा विरोध मागे घेतो. घोषणेत एकदाही नको. दार उघडल्यानंतर ज्याला काही ऐकायचं असतं तो बहुधा दृष्टिहीन प्रवासी असतो, आणि त्या क्षणी त्याला फलाट कोणत्या बाजूला ते हवं असतं. आचार्य अत्रे चौकाबाबत मात्र मागे-पुढे, लहान-मोठं काहीच नको. ते नाव एकटंच राहू द्या.

नफातोटा
अत्रे चौकावर तुमच्याशी सहमत. घोषणेवर नाही. दार उघडायच्या आधी बाजू सांगून झाल्यावर 2 सेकंद उरतात, आणि निविदेत बोली वाढते ती त्याच 2 सेकंदांमुळे.