ती चित्रं नाहीतच

वर एकांनी लिहिलंय की व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमधली तैलचित्रं इतकी ताजी दिसतात, म्हणजे नक्की पुन्हा रंगवली असणार. रंगवलेली नाहीत हो, ती तैलचित्रंच नाहीत! वेदींवरची ती भलीमोठी 'चित्रं' जवळजवळ सगळी मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली, आहेत. आतल्या दमटपणाने मूळ चित्रं खराब व्हायला लागली, तेव्हा काचेच्या तुकड्यांत त्यांच्या नकला करून बसवल्या. राफाएलचं 'ट्रान्सफिगरेशन' तिथे आहे ते 1767 साली पूर्ण झालेलं मोझेइक. मूळ चित्र व्हॅटिकनच्याच संग्रहालयात, पिनाकोतेका नावाच्या चित्रदालनात. या कामासाठी व्हॅटिकनचा स्वतंत्र कारखाना आहे, 1727 पासूनचा, आणि तो अजून चालतो.

मीही पहिल्यांदा फसलोच होतो. समोरून काही कळत नाही. बाजूला सरकून तिरकं पाहिलं तेव्हा एका संताच्या झग्यावर उजेड पडला आणि तो अख्खा पट्टा काचेसारखा चमकला, मग बारीक बारीक सांधे दिसायला लागले. गालावरच्या एवढ्याशा सावलीत किती छटा वापरल्यात ते मोजायचा नाद मी लवकरच सोडला.

खरं सांगायचं तर कसब थक्क करणारं असलं तरी मला इटलीतल्याच राव्हेन्ना शहरातलं सान व्हिताले चर्च (सहावं शतक) जास्त भावलं. तिथले तुकडे मुद्दाम थोडे वाकडे बसवलेत, सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये. आपण चालू लागलो की भिंत लुकलुकते. तिथल्या कारागिरांना मोझेइक चित्रासारखं दिसावं अशी हौस नव्हती.