विषय: डर्बीचे प्रक्षेपण
केंटकी डर्बी या अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतीच्या प्रक्षेपणात तासन्‌तास प्रेक्षकांच्या टोप्या दाखवतात आणि दोन मिनिटांची शर्यत मात्र धड दिसत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण माझ्या मते खरी उणीव कॅमेऱ्याच्या कोनाची आहे. २०२२ साली अखेरच्या सरळ टप्प्यात समालोचक एपिसेंटर आणि झँडन या घोड्यांच्या झुंजीतच गुंतला होता, आणि सट्ट्यात एकास ८० भावाचा, म्हणजे जिंकण्याची फारशी आशा नसलेला, पण अखेर जिंकलेला रिच स्ट्राइक आतल्या कठड्यालगत कधी पुढे सरकला हे बहुतेकांना शेवटच्या क्षणीच कळले. नंतर पाहिलेल्या हवाई चित्रणात मात्र, २० घोड्यांच्या गर्दीतून येताना एका थकलेल्या घोड्याला बगल देऊन तो पुन्हा कठड्याकडे वळला, हे लख्ख दिसते. तेच दृश्य थेट प्रक्षेपणात, निदान पडद्याच्या कोपऱ्यात, का देऊ नये? (टोप्या खुशाल दाखवाव्यात, शर्यतीआधी.)