आई घरात अडकलीये, गप्प गप्प झालीये

खुब्याच्या ऑपरेशननंतर आई (७६) दीड महिना घरातच, भजनी मंडळ बंद, मी बंगळुरूला, फोन केला की "बरंय" म्हणते नि ठेवते. काय करू?

> "बरी आहेस का" विचारूच नका हो. मी सासूबाईंना रोज एक रेसिपी विचारायचे, भरल्या वांग्यावर अर्धा तास बोलल्या, वर माझा गोडा मसाला चुकतो हेही ऐकवलं!

> भजनी मंडळच घरी बोलवा ना, चहा तुमच्याकडून.

> एल्डरलाइन १४५६७, ज्येष्ठांसाठी फ्री आहे, बोलायला माणूस मिळतो. पण दोन आठवडे जेवण-झोप उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवाच, वय झालं म्हणून सोडू नका.

> (प्रश्नकर्ता) काल गोडा मसाला विचारला. सतरा मिनिटं!!