विषय: आर-१ असूनही सात मजले?

मंडळी, नमस्कार.
गंगापूर रोडला बाबांच्या बंगल्याशेजारी सात मजली इमारतीचा पाया खोदलाय. भाऊ म्हणतो, आपला भाग आर-१ या निवासी झोनमध्ये येतो. इथे क्लीव्हलंडजवळ आमच्या उपनगरात आर-१ म्हणजे एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर. मग हे सात मजले कसे? तक्रार कुठे करायची? नाशिकला परतलेल्यांपैकी कुणी सांगेल का?

---

उत्तर: आर-१ असूनही सात मजले?

अरे, अक्षर तेच, अर्थ वेगळा. तुमच्याकडे आर-१ ठरतो घरात किती कुटुंबं त्यावर, आपल्याकडे समोरचा रस्ता किती रुंद त्यावर. २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, दाटवस्तीत ९ मीटरच्या आतला आणि बाहेर १२ मीटरच्या आतला रस्ता असेल तर आर-१. तेवढा किंवा त्याहून रुंद असेल तर आर-२, तिथे दुकानं-ऑफिसंही चालतात. फ्लॅट दोन्हीकडे.

मजले ठरतात एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं त्यावर, आणि तोही रस्ताच बघतो. ९ मीटरच्या आत असेल तर मूळ १.१. नऊ किंवा जास्त पण बाराच्या आत असेल तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेतलेले बांधकाम हक्क) घेऊन २ पर्यंत, वर जिने-बाल्कन्यांसारख्या गोष्टींसाठीचा अँसिलरी वेगळा. म्हणजे सगळा खेळ त्या नऊच्या आकड्याचा. भावाला टेप घेऊन पाठव. नुसतं डांबर मोजू नका, कंपाउंड ते कंपाउंड मोजा, आणि मंजूर लेआउटची प्रत काढा. शेवटी तीच धरतात. तक्रार करायचीच तर साइड मार्जिनची, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेची कर, तिथे काहीतरी हाती लागतं.

बाकी तुझ्या शेजारच्या युक्लिड गावानेच तर हे झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं याचे नियम, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात टिकवलं, १९२६ साली. त्या निकालात अपार्टमेंटला चक्क बांडगूळ म्हटलंय! आपल्या बिल्डरांना कुणी कळवू नका.

---

उत्तर: उत्तर: आर-१ असूनही सात मजले?

काका, रविवारी भावाने मोजलं. लेआउटवर रस्ता ९ मीटर. जागेवर भरला साडेआठ. बिल्डरने रस्ता खाल्ला म्हणून भाऊ खूश! मग त्याने समोरच्या कंपाउंडांची रेघ लेआउटशी जुळवून पाहिली, ती बरोबर निघाली. आमच्या बाजूलाही शेजारच्यांच्या भिंती जागेवर. पुढे आलंय ते फक्त बाबांचं कंपाउंड, जास्वंदीसकट अर्धा मीटर.

आई म्हणाली, तक्रार राहू दे.